गिटारच्या तारा बद्द वाजतायत? आधी दोष कुठे आहे ते शोधा

नवी इलेक्ट्रिक गिटार घरी आणली तेव्हा खणखणीत वाजत होती आणि चार-सहा महिन्यांत तीच बद्द वाजायला लागली, ही तक्रार शिकाऊ वादकांकडून सतत ऐकू येते. मग कुणी सांगतं तारा बदल, कुणी म्हणतं पिकअप (तारांची हालचाल टिपणारा चुंबकी भाग) बदल, कुणी तर थेट दुसरी गिटार घ्यायला सांगतं. पहिला सल्ला पुष्कळदा बरोबर ठरतो. पण न तपासता तारा बदलल्या आणि दोष केबलमध्ये निघाला, तर पैसे जातात आणि बद्दपणा तिथेच राहतो. शिवाय नव्या तारांमुळे काही दिवस सगळंच उजळ वाटतं आणि खरा दोष झाकला जातो. म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधायचं, खिशात हात नंतर घालायचा.

बद्द म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घ्या. सर्वांत जाड तार, म्हणजे सहावी, मोकळी छेडली की तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्याबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूरही वाजत असतात. तारेचा झगमगाट या वरच्या सुरांमुळे येतो. ते लवकर विझले किंवा स्पीकरपर्यंत पोचलेच नाहीत, की उरतो फक्त खालचा जाडाभरडा आवाज. मूळ सूर मात्र जागेवरच असतो, त्यामुळे ट्यूनर बरोबर आणि कान नाराज अशी अवस्था होते. वरचे सूर कुठे हरवतात, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पहिली पायरी: केबल काढा आणि ऐका

खोलीतला पंखा बंद करा. गिटार अँपला न जोडता मांडीवर घ्या आणि सहाही तारा एकेक करून मोकळ्या छेडा. प्रत्येक तार पूर्ण विझेपर्यंत ऐका. रस्त्यावरचा आवाज येत असेल तर गिटारच्या वरच्या शिंगाला कान टेकवा, लाकडातून सगळं स्वच्छ ऐकू येतं.

केबलशिवाय तारा छान झणझणत असतील आणि अँपमधून बद्द येत असतील, तर तारांना हात लावू नका. दोष नॉब, केबल, पेडल, अँप किंवा तुम्ही जिथे जॅक खुपसलाय त्या जागेचा आहे. केबलशिवायही बद्द वाजत असेल तर दोष तारांमध्ये किंवा तारा जिथे टेकतात तिथे आहे. या एका चाचणीने निम्मं काम होतं. नवखे वादक नेमकी हीच चाचणी टाळतात, कारण इलेक्ट्रिक गिटार अँपशिवाय ऐकायची असते असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता कुठल्या तारा बद्द आहेत ते पाहा. सहावी, पाचवी आणि चौथी मंद, पण वरच्या सुरांच्या तीन बारीक तारा बऱ्या, असं असेल तर तारा जुन्या झाल्यात हे जवळजवळ नक्की. एकच तार बद्द असेल तर नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी), सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू; ब्रिज म्हणजे तारा खाली जिथे बांधतात तो भाग) किंवा ती तार बसवण्याची पद्धत तपासावी लागेल. सगळ्या तारांवर एकाच फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) जागी आवाज गुदमरत असेल तर फ्रेट पाहावा लागेल.

जाड तारा आधी का मरतात

वरच्या तीन तारा साध्या पोलादी असतात. खालच्या तिघींना पोलादी गाभा आणि त्यावर बारीक तारेचे घट्ट वेढे असतात. हे वेढे बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असतात. वेढ्यांच्या फटींत घाम, त्वचेचा कोंडा आणि धूळ जाऊन बसते. वेढे एकमेकांवर मोकळे हलू शकत नाहीत, घर्षण वाढतं आणि त्याचा मार सगळ्यात आधी वरच्या सुरांवर बसतो. साध्या तारा तेवढ्या बद्द होत नाहीत. त्या गंजून खरखरीत होतात आणि बोट सरकवताना जाणवतात.

तपासायची सोपी रीत अशी. चौथी तार थोडी सैल करा आणि तिच्या खालच्या बाजूने तर्जनीचं नख हळूहळू सरकवत न्या. जिथे तार फ्रेटवर दाबली जाते तिथे नख अडकेल. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या फ्रेटपाशी वेढे चेपून लहानसे चपटे डाग पडलेले दिसतील, उजेडात धरलं तर ते चमकतातही. असे डाग पडले की तारेची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, वरचे सूर मूळ सुराशी नीट जुळत नाहीत आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर व तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) एकमेकांपासून ढळतात. अशी तार पुसून सुधारत नाही, ती बदलायचीच.

डाग नसतील आणि नुसता मळ असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जरा ओलसर केलेल्या सुती फडक्यात तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसा. फिंगरबोर्डवर अल्कोहोल सांडू देऊ नका. तारांखाली कागदाची पट्टी सरकवून ठेवा. तारा पाण्यात उकळण्याचा उपाय बेस गिटारवाले करतात. त्याने मळ सुटतो, पण उजळपणा थोडेच दिवस टिकतो. बेसच्या महागड्या संचासाठी ते समजण्यासारखं आहे; सहा तारांच्या संचासाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. आणि खोबरेल तेल किंवा शिवणयंत्राचं तेल तारांना लावू नका. गंज थांबेल या आशेने पुष्कळ जण लावतात, पण ते वेढ्यांत मुरतं, धूळ धरून ठेवतं आणि चांगली तारही बद्द करतं.

तारा किती दिवस टिकतात याला एक उत्तर नाही. रोज तासभर वाजवणाऱ्याने दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात, असा माझा अंदाज. ज्यांच्या हाताला घाम जास्त येतो त्यांच्या तारा याच्या निम्म्या काळातही जातात.

संच घेताना

एक घोटाळा मी वारंवार पाहतो. घरात अकूस्टिक गिटारचा संच पडलेला असतो आणि तोच इलेक्ट्रिकवर चढवला जातो. अकूस्टिकच्या जाड तारांचे वेढे ब्राँझचे असतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला लोखंडी किंवा निकेलची तार हललेली कळते, ब्राँझ कळत नाही. म्हणून अशा संचात साध्या तारा मोठ्याने येतात आणि जाड तारा मेल्यासारख्या. केबलशिवाय मात्र सगळं उत्तम ऐकू येतं. पाकिटावर इलेक्ट्रिक गिटारसाठी असं लिहिलेलं आहे का ते बघून घ्या.

वेढ्यांच्या धातूनेही फरक पडतो. स्टेनलेस स्टील सर्वांत उजळ, निकेलचा मुलामा असलेलं पोलाद मध्यम, शुद्ध निकेल मऊ. चपट्या वेढ्यांच्या फ्लॅटवाउंड तारा मुळातच गोल, मंद आवाजासाठी केलेल्या असतात, जॅझ वाजवणाऱ्यांना त्या आवडतात. जुनी गिटार विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने फ्लॅटवाउंड लावल्यात का, हे हाताने चाचपून बघा. त्या गुळगुळीत लागतात. नवख्यांनी ९-४२ किंवा १०-४६ जाडीचा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) निकेलच्या मुलाम्याचा संच घ्यावा. तो साधारण ५०० ते १००० रुपयांत मिळतो. नामांकित कंपन्यांच्या नकली तारा बाजारात फिरतात, तेव्हा भाव फारच कमी असेल तर सावध राहा आणि ओळखीच्या वाद्यांच्या दुकानातूनच घ्या.

नव्या तारा लावूनही बद्द? बसवण्याची रीत बघा

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शिकाऊ मंडळींच्या नव्या तारा सर्वांत जास्त इथेच बिघडतात.

पुढे-मागे हलणारा, तरंगता ट्रेमोलो ब्रिज असेल तर सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. नाहीतर स्प्रिंगांचा तोल जाऊन सूर लावण्यात संध्याकाळ जाईल. ब्रिज पक्का असेल तर सगळ्या काढून फिंगरबोर्ड पुसून घ्यायला हरकत नाही.

तारेचं गोळी असलेलं टोक ब्रिजमध्ये पूर्ण बसलंय याची खात्री करा. मग तार खुंटीपर्यंत आणा आणि खुंटीच्या पुढे साधारण पाच सेंटीमीटर जास्तीची ठेवा. वेढ्यांची तार आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. काही तारांचा गाभा गोल असतो. न वाकवता कापली तर वेढे गाभ्यावरून सुटतात आणि तार बसवायच्या आधीच मरते. खुंटी फिरवताना तार बोटाने ताणून धरा, वेढे एकाखाली एक उतरत जाऊ द्या. जाड तारांना दोन-तीन वेढे पुरतात. तार स्वतःभोवती पिळली जात नाहीये ना, यावर लक्ष ठेवा. पिळलेली तार नवी असूनही बद्द वाजते. पिळली असेल तर सैल करा, गोळीकडचं टोक मोकळं करून पीळ जाऊ द्या आणि पुन्हा ताणा.

आता एक छोटी गोष्ट, जी कुठल्याही पाकिटावर लिहिलेली नसते. नवी जाड तार सॅडलवरून सरळ न वळता कमानीसारखी वर उचललेली राहते. ती नेमकी कुठून सुरू होते हेच ठरत नाही आणि आवाज घोगरा येतो. तार सुरात आणा आणि सॅडलच्या लगेच पुढे, पिकअपच्या बाजूला, अंगठ्याने हलकेच खाली दाबा. तसंच नटच्या लगेच पुढे, पहिल्या फ्रेटच्या बाजूला दाबा. फार जोर नको, तार टोकदार वळली एवढंच पुरे. मग पुन्हा सूर लावून छेडा. बद्द तार याच क्षणी जागी झालेली पुष्कळदा ऐकू येते. सूर थोडा उतरेल, तो परत चढवा.

एकच तार बद्द असेल तर

ती तार मोकळी छेडा, मग पहिल्या फ्रेटवर दाबून छेडा. मोकळी बद्द आणि दाबलेली स्वच्छ, तर दोष नटच्या खाचेचा. खाच मळाने भरली असेल, रुंद झाली असेल किंवा तिचा तळ चुकीच्या बाजूला उतरत असेल. तार नटच्या फिंगरबोर्डकडच्या अगदी कडेला टेकून सुटायला हवी. मागे कुठेतरी टेकली तर ती कडेवर थरथरते. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती मुद्दाम. तिथे तार रुंद पृष्ठभागाला पुन्हापुन्हा चाटून जावी, त्यातून वरचे सूर फुलावेत असा हेतू असतो, आणि मिरजेच्या कारागिरांची त्यासाठी ख्याती आहे. गिटारच्या नटवर हेच अपघाताने घडलं की सूर झिरझिरतो किंवा गुदमरतो, कारण तिथला पृष्ठभाग कुणी तसा घडवलेला नसतो. खाच दात घासायच्या मऊ, कोरड्या ब्रशने साफ करा आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड लावा. खाच कानशीने घासणं नवख्याने करू नये. दोन-चार फटकाऱ्यांत नट वाया जातो.

मोकळी आणि दाबलेली दोन्ही बद्द असतील तर सॅडलकडे या. सॅडल हलतंय का, त्याचे उंचीचे दोन्ही स्क्रू ब्रिजला नीट टेकलेत का, तार घसरून बाजूला आलीय का, हे बघा. सगळं ठीक असेल तर शंका त्या तारेवरच घ्या. नव्या पाकिटातही एखादी तार मेलेली निघू शकते. तेवढी एकच तार दुसऱ्या संचातली लावून पाहा, उत्तर मिळेल.

सगळ्या तारांवर ठरावीक फ्रेटपाशी आवाज टणक आणि आखूड येत असेल, तर तार पुढच्या फ्रेटला चाटत असणार. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, फार खाली आणलं असेल किंवा मान सरळ किंवा मागे वाकली असेल, तर असं होतं. फेंडर कंपनी आपल्या स्ट्रॅट गिटारवर सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची १.६ मिमी सुचवते. तुमची याहून बरीच कमी असेल तर सॅडलचे स्क्रू थोडे वर घ्या. ट्रस रॉड (मानेचा वाक बदलणारी आतली सळई) फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि पहिल्यांदा करताना जाणकार शेजारी असू द्या.

एखाद्या गिटारीवर एकाच तारेचा एकच सूर लवकर विझतो, मग तारा बदला किंवा नका बदलू. मान नेमकी त्याच कंपनसंख्येला हलते आणि तारेची ऊर्जा शोषून घेते. खुंट्यांच्या टोकाला लहान क्लॅम्प अडकवून वाजवा. तो सूर मोकळा झाला किंवा दोष दुसऱ्या फ्रेटवर सरकला, तर कारण हेच. हा गिटारचा स्वभाव आहे, बिघाड नाही.

तारा चांगल्या, पण अँपमधून बद्द

आधी फुकटातले उपाय. पिकअप निवडायची कळ मानेकडच्या पिकअपवर आहे का बघा, तिथला आवाज मुळातच मऊ असतो. टोन नॉब १० वर न्या. व्हॉल्यूमही १० वर न्या, कारण नेहमीच्या वायरिंगमध्ये व्हॉल्यूम कमी केला की वरचे सूर आधी गळतात. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर तो वीस-तीस वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवा. तेवढ्याने थांबलं नाही तर काँटॅक्ट क्लीनर मारावा लागेल.

पिकअपची उंची तपासा. फेंडर जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपसाठी शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी अंतर सुचवते. पिकअप फार खाली असेल तर आवाज दुबळा. फार वर असेल तर चुंबक तारेला ओढतो, सूर डगमगतो आणि लवकर विझतो. बाजूच्या स्क्रूने अर्धा-अर्धा फेरा फिरवत, दर वेळी वाजवून ठरवा.

केबलचं महत्त्व लोकांना कमी वाटतं. गिटारच्या केबलची धारिता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते, आणि केबल जितकी लांब तितके पिकअपचे वरचे सूर जास्त गळतात. दहा मीटरची स्वस्त केबल लावून खोलीत बसलेल्याने तीन मीटरची चांगली केबल एकदा लावून पाहावी. मधे पाच-सहा पेडल असतील तर सगळी काढून गिटार थेट अँपला जोडा. फरक पडला तर एकेक पेडल परत लावत दोषी शोधा.

हल्ली सर्वांत जास्त फसगत होते ती संगणकाला किंवा घरातल्या स्पीकरला गिटार जोडताना. गिटारच्या पिकअपला समोर साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो. ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटचा किंवा स्पीकरच्या ऑक्सचा रोध त्याच्या कितीतरी पट कमी, बहुधा १० किलोओहमच्या आसपास असतो. त्यात गिटार खुपसली की पिकअपवर भार पडतो, वरचे सूर बुडतात आणि तुम्हाला वाटतं तारा गेल्या. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' असं बटण असतं ते दाबा. स्पीकरलाच जोडायचं असेल तर मधे मल्टिइफेक्ट्स किंवा बफर (पिकअपवर भार येऊ न देणारं सर्किट) असलेलं एखादं पेडल ठेवा.

अँप जमिनीवर असेल तर तो पायांकडे वाजतो. वरचे सूर स्पीकरच्या समोर सरळ रेषेत जातात, बाजूला फारसे पसरत नाहीत. अँप स्टुलावर ठेवा किंवा मागे कलता करा आणि मग ठरवा.

जुनी गिटार कुणी दुरुस्त केलेली असेल तर आतले पॉट (नॉबखालचे फिरते रोध) बदलले गेलेत का हेही विचारा. हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) सहसा ५०० किलोओहमचे, सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे लावतात. हंबकरला चुकून २५० चे लागले की आवाज कायमचा मंद होतो आणि तारा बदलून काही उपयोग होत नाही.

पावसाळ्यातली काळजी

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. उघड्यावर टांगलेल्या गिटारच्या साध्या तारांवर थोड्याच दिवसांत तांबूस ठिपके येतात. वाजवायच्या आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. वाजवून झालं की सुती फडकं तारांच्या वरून आणि खालूनही फिरवा. खालची बाजू सगळेच विसरतात आणि मळ तिथेच साठतो. गिटार केसमध्ये ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. या भागात राहणाऱ्याने पातळ संरक्षक थर दिलेल्या, म्हणजे कोटेड, तारांचे जास्तीचे पैसे मोजावेत असं माझं स्पष्ट मत आहे. आवाजात किंचित मऊपणा येतो, पण त्या बिनथराच्या तारांपेक्षा बऱ्याच जास्त टिकतात.

एवढं करूनही दोष सापडला नाही तर गिटार टेक्निशियनकडे जा. जाताना स्वतःची केबल बरोबर न्या आणि नुसतं 'बद्द वाजते' असं सांगू नका. कुठली तार, कुठला फ्रेट, मोकळी की दाबलेली, केबलशिवायही बद्द की फक्त अँपमधून, आणि तारा शेवटच्या कधी बदलल्या, हे कागदावर लिहून द्या.